काठावरचा भाव

नागपूरच्या इतवारी बाजारातला जुना कापडवाला आधी गादीवर बसवतो, मग पाणी विचारतो आणि भावाचं सगळ्यात शेवटी काढतो. आमच्या आजीला हा लाडिकपणा खपत नसे. ठाण हाती आलं की ती आधी काठ उलटून छापा शोधायची. ही खोड दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या काळातली.

जून 1943 मध्ये सरकारनं सूत-कापडावर कंट्रोल, म्हणजे भाव नि विक्रीवर सरकारी बंधन, बसवला. जपानी माल यायचा थांबलेला, गिरण्या फौजेच्या खाकीत नि तंबूंत गुंतलेल्या, त्यात साठेबाजांची चंगळ. कापडाचे भाव लढाईआधीच्या कित्येक पट झाले होते. मग ठाणावर भाव छापूनच माल विकायचा, असा हुकूम निघाला. कागदावर चोख काम. आजीला विचारलं तर म्हणायची, "भाव त छापेल होता बाप्पा, कापड कुठी होतं?"

आणि हे नागपुरात! चहूकडे कापूस, गावात 1877 पासून एम्प्रेस मिल, वर मॉडेल मिल, शिवाय कोष्ट्यांचे माग.

छापील भावात धोतर मिळे, पण दुकानात पडून राहिलेलं काहीतरी सोबत गळ्यात मारलं जाई. आजोबांच्या एका धोतराबरोबर असंच जांभळ्या फुलांचं छीट घरात शिरलं. त्याचे परकर झाले, उशांचे अभ्रे झाले, काकाचा सदरा झाला (तो अजून त्याबद्दल बोलत नाही), उरलेला तुकडा लोणच्याच्या बरणीला दादरा म्हणून बसला. बायकांची पंचाईत त्याहून मोठी. फाटक्या धोतराचा पंचा तरी होतो, नऊवारी लुगड्याचं काय करणार? दोन विरलेल्या लुगड्यांचे धड भाग काढायचे आणि दांड घालायचा. आजीची शिवण निऱ्यांत अशी दडायची की सासूलाही पत्ता लागत नसे.

तरी मी कंट्रोलला नुसतं हसत नाही. 1948 च्या सुरुवातीला तो उठवला, तर भाव असे भडकले की त्याच वर्षी पुन्हा बसवावा लागला.

एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद झाली, आता तिच्या जागेवर मॉल आहे. तिथल्या शर्टावर छापील भाव असतो, तो खोडून दुसरा असतो, वर पन्नास टक्के सूट. मी खोडलेला आकडाच आधी वाचतो. किती पैसे वाचले हे घरी सांगता आलं नाही, तर नवा शर्ट अंगाला लागत नाही.