आधी मराठी शिकवा की!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारतात तसे सगळेच. सांगलीच्या विश्रामबागेत फिरायला येणाऱ्या मैत्रिणी, लग्नात शेजारच्या पाटावरचे पाहुणे, परवा तर सख्खा भाचा. "कुपवाडच्या त्या परप्रांतीय बायकांना फुकट इंग्रजी कशाला शिकवता? शिकवायचंच तर आधी मराठी शिकवा की!"

मराठी त्यांना शिकवावी लागत नाही. भाजीवालीशी आणि रिक्षावाल्याशी भांडता भांडता येते, शिव्यांसकट. पण पगाराची स्लिप मराठीत येत नाही. पीएफचे १२ टक्के, ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे ०.७५ टक्के, सगळी कापाकापी इंग्रजीत. जादा कामाला दुप्पट दर हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलेलं आहे. पण स्लिपवरचं 'ओटी' म्हणजे काय हेच कळत नसेल, तर तो कायदा काय चाटायचाय?

आणि परप्रांतीय म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा विटा-खानापूरकडं बघावं. आपले गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर गेलेत. माझे एक मामेसासरे तमिळनाडूत होते. पहिली दोन वर्षं त्यांचा बँकेचा फॉर्म शेजारचा दुकानदार भरून द्यायचा.

इथवर बोलले की समोरचा गप्प होतो. मीच मग घरी येऊन अस्वस्थ होते, कारण ती सही आठवते.

ओडिशाची पोरगी, सूतगिरणीत ठेकेदाराकडं कामाला. अंगठा लावायची. मी निवृत्त शिक्षिका, रविवार खायला उठायचा. तिच्याकडून इंग्रजी सही तीन महिने पाठकोऱ्या कागदांवर गिरवून घेतली. दुसरीपर्यंत ओडिया शाळा झालेली, त्यामुळं तिचा 'एम'सुद्धा गोलमटोल निघायचा. आणि 'लीव्ह' म्हणजे सुट्टी, हेही मीच फळ्यावर लिहिलेलं.

गावाकडं तिचं लेकरू आजारी पडलं. तिनं आठ दिवसांची सुट्टी मागितली. ठेकेदाराच्या माणसानं कागद पुढं केला. त्याचा फोटो मोबाइलवर घेऊन ती माझ्याकडं आली. "दीदी, देखो, अंगूठा नहीं लगाया."

सही सुरेख होती. 'एम'चे दोन्ही खांदे गोल. वरचा मजकूर वाचला : स्वखुशीनं नोकरी सोडत आहे, सगळा हिशेब मिळाला. त्यात 'लीव्ह' होतं. तिनं शब्द बरोबर ओळखला होता.

रात्री मिरजेहून तिची गाडी होती. मी म्हणाले, "छान आलीय सही." खरं सांगायला मला पुढं चार दिवस लागले, तेही फोनवर. पलीकडं ती नुसती "हाँ दीदी, हाँ दीदी" करत राहिली.

सोमवारी गेटवर गेले होते. तो माणूस शांतपणे म्हणाला, "सही तिचीच ना, बाई? अंगठा असता तर वाचून दाखवलं असतं. इंग्रजीत सही केली, वाटलं शिकलेली आहे."

त्यांनी वाचून दाखवलं असतं? अजिबात नाही. स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्यात कामगाराच्या भाषेतही पासबुक द्यायचं लिहिलेलं होतं. मी आजवर एकीच्याही हातात तसलं पासबुक पाहिलं नाही. तेव्हा दोष माझा नाही. 'लीव्ह'चा दुसरा अर्थ सांगायचा राहिला, एवढंच. पण अंगठेवाली निदान घाबरून दोघाचौघांना विचारते. सही आल्यावर तिला विचारायची लाज वाटली, आणि ती लाज मी शिकवलेली. असं म्हटलं तर मग शिकवूच नये की काय? तेही पटत नाही.

आता सहीच्या आधी एक वाक्य घोकून घेते, तेही हिंदीत : आज फोटो काढते, सही उद्या करते. उद्यापर्यंत थांबायची सोय किती जणींना असते, हे मला विचारू नका.

ती परत आलीय. तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते, रोजंदारीवर. वर्गाला येत नाही. मध्यंतरी कुपवाडच्या बाजारात दिसली. "दीदी, बरं हाय न्हवं?" म्हणाली आणि वळून मेथीवालीकडं दहाला दोन जुड्या मागायला लागली. मेथीवाली काही देत नव्हती.