बंद पडली का गं?

गाडी घेऊन आठवडा झाला असेल. सिग्नलला गिअर न्यूट्रलवर टाकला, क्लच सोडला आणि इंजिन चिडीचूप. मागून आई म्हणाली, "बंद पडली का गं?"

"अगं, हायब्रिड आहे. आता बॅटरीवर निघेल बघ," मी ऐटीत सांगितलं. सिग्नल सुटला, क्लच दाबला, इंजिन निमूट सुरू झालं. आई काही बोलली नाही, पण तिचं न बोलणं मला बरोबर ऐकू येतं.

रात्री मॅन्युअल घेऊन बसले. माझी गाडी माइल्ड हायब्रिड. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज करणारं यंत्र, त्याच्या जागी, त्याच बेल्टवर, जरा दांडगं यंत्र बसवलंय. ते वीज करतं, ब्रेक मारताना चाकांच्या जोरावरही, आणि गरजेला मोटर होऊन इंजिनाला हातभारही लावतं. सोबत सीटखाली ४८ व्होल्टची छोटी बॅटरी. काही गाड्या १२ व्होल्टवरच भागवतात. बाहेरून चार्जिंग नाही, आणि नुसत्या मोटरवर धावणं तर नाहीच. ते फुल हायब्रिडचं काम.

मग ब्रेक मारून वीज साठते म्हणतात ती किती? गणित मांडलं. १२०० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबली, तर हाती असलेली ऊर्जा साधारण ३२ वॉट-तास. १० वॉटचा दिवा तीन तास! त्यातही मेख आहे. असं यंत्र १० किलोवॉटच्या आसपास ओढू शकतं. तीन सेकंदांत कचकन थांबलात, तर ऊर्जा जवळजवळ ३९ किलोवॉटच्या दराने येते; जास्तीची सगळी ब्रेकपॅड तापवण्यात जाते. तेच बारा सेकंद घेतले, तर बरीचशी बॅटरीत. म्हणजे बचत निम्मी यंत्रात, निम्मी माझ्या उजव्या पायात. हायवेवर एका वेगाने जाताना मात्र ब्रेकच नाही, तर साठणार काय?

आणखी एक. माझ्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच बेल्टवर आहे. सिग्नलला इंजिन थांबलं की नुसता पंखा फिरतो, आणि उकाड्यात मिनिटभरात इंजिन आपणहून चालू होतं. पहिल्यांदा मी दचकले होते.

डॅशबोर्डवर चाकांकडून बॅटरीकडे जाणारा बाण दिसतो. आई हल्ली पुढे बसते, त्यावर नजर ठेवून. काल चौक दिसला तशी म्हणाली, "सोड की पाय, लाल आहे पुढे."