स्कॅग्वेच्या धक्क्यावरून

नागपूरच्या मे महिन्यातील उन्हातून निघून अलास्काच्या जहाजावर चढलेल्या आम्हा दोघांना सर्वांत भावले ते स्कॅग्वे हे तेथील छोटेसे बंदर. जूनो ही राज्याची राजधानी असूनही तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. तेथील मेंडेनहॉल हिमनदीच्या निळसर बर्फासमोर आम्ही बराच वेळ निःशब्द उभे होतो. पण कॅनडातील क्लोंडाइक भागात सापडलेल्या सोन्यापायी १८९८ मध्ये बांधायला घेतलेल्या, तीन फूट रुंदीच्या रुळमार्गावरची स्कॅग्वेची गाडी सुमारे ३२ किलोमीटरमध्ये ८७३ मीटर उंची गाठते, आणि डब्याच्या टोकाशी गार लोखंडी कठडा धरून उभे असताना मला लहानपणची नागपूर-नागभीड छोटी गाडी आठवून डोळे भरून आले. त्या बंदरावर उतरणाऱ्यांनी दुकानांत वेळ न दवडता या गाडीचे तिकीट आधीच काढून ठेवावे.