टॉमी आर्मस्ट्राँगची गाणी : ट्रिमडन पाठ, ओकी सुरू

‘ट्रिमडन ग्रेंज एक्स्प्लोजन’ आता कागद न बघता गाता येतंय. म्हणून या खेपेची नोंद मुख्यतः त्याच गाण्याची.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. टॉमी आर्मस्ट्राँग हा इंग्लंडच्या ईशान्येचा, डरहम परगण्यातला खाणकामगार. जन्म १८४८, शॉटली ब्रिजचा. मृत्यू १९२०, टँटोबीत. नवव्या वर्षी खाणीत कामाला लागला. पाय फेंगडे, म्हणून थोरला भाऊ त्याला पाठुंगळी घेऊन खाणीवर न्यायचा. पुढे गाणी रचायची, सुट्या कागदांवर छापून घ्यायची आणि पबमध्ये पेनीला एक विकायची, हा त्याचा रिवाज झाला. संप झाला, अपघात झाला की लोक टॉमीच्या गाण्याची वाट बघत, शाहिराच्या पोवाड्याची बघावी तशी. एवढ्या ताकदीचा माणूस त्या मुलखाबाहेर जवळजवळ अनोळखी राहिला, याची मला खरोखर खंत वाटते.

ट्रिमडन ग्रेंजच्या कोळसा खाणीत १६ फेब्रुवारी १८८२ रोजी दुपारी स्फोट झाला. सत्तरच्या आसपास माणसं आणि पोरं गेली. स्फोटानंतरचा विषारी वायू शेजारच्या केलो खाणीतही शिरला आणि तिथेही बळी गेले. टॉमीने या दुर्घटनेसाठी नवी चाल बांधली नाही. लोकांच्या तोंडी असलेलं एक विरहगीत घेतलं, ‘गो अँड लीव्ह मी इफ यू विश इट’. चाल आधीच ओळखीची, त्यामुळे ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांवर. हे ध्यानात आल्यावर माझी तालमीची पद्धतच बदलली. आधी नुसती चाल गुणगुणून गळ्यात बसवली आणि शब्द त्यानंतरच घेतले. पट्टी काळी एक. साथीला फक्त तानपुऱ्याचा षड्ज. गिटार काढून टाकली, कारण तिच्या ठोक्यांनी ओळी धावायला लागतात.

या गाण्यात एक मिसेस बर्नेट आहेत. त्यांना मुलगे होते, आता एकही नाही. जोसेफ, जॉर्ज, जेम्स गेले. तीन नावं एका ओळीत, एकापाठोपाठ. रेकॉर्डिंग्ज ऐकताना जाणवतं की बरेच गायक इथे आवाज चढवतात. मला ते पटत नाही. गाणं पहिल्यांदा ऐकणाऱ्यांतल्या कित्येकांनी ही पोरं रोज कामावर जाताना पाहिली असतील. त्यांना ही नावं ओरडून सांगायची गरज नव्हती. मी तिथे मुरकी घेत नाही, स्वर लांबवत नाही. प्रत्येक नावानंतर अगदी बारीक थांबते आणि शेवटच्या नावाला श्वास पुरेल एवढा राखून ठेवते. आख्ख्या गाण्यात सर्वांत जास्त वेळ या एका ओळीला दिला आणि तो सत्कारणी लागला.

मधे उतारा म्हणून टॉमीचंच गमतीचं ‘वोर नॅनीज अ मेझर’. पोरांना कपडे घ्यायला शहरात निघालेलं जोडपं, रोलंड्स गिलला गाडी चुकते, पुढची एकला सतरा मिनिटं कमी असताना, मग काय, जवळच्या पबात मुक्काम! ही सतरा मिनिटं मला फार आवडतात. गमतीच्या गाण्यातही माणूस वेळापत्रक चोख देतो. बोलीचे उच्चार मी वहीत देवनागरीत लिहून घेतलेत. बसतायत हळूहळू.

आता ‘ओकी’ घेतलंय. ओकी खाणीतल्या १८८५च्या संपाचं गाणं. घरं खाणमालकांची, त्यामुळे संप केला की कुटुंबासकट बाहेर. सामान रस्त्यावर काढायला भाड्याने आणलेली माणसं, ज्यांना तिथे ‘कँडीमेन’ म्हणत, सोबत पोलिस, आणि घंटा घेतलेला जॉनी. टॉमी त्यांना गाण्यातच फासावर चढवतो. इथे मात्र ठेका हवा, म्हणून टेबलावर बोटांनी ताल धरून म्हणतेय. ध्रुवपदात सगळ्यांनी गळा मिळवला तरच ते उभं राहतं, एकटीच्या आवाजात पोकळ वाटतं; तेव्हा पुढच्या बैठकीत तुम्हा सगळ्यांकडून ते म्हणवून घेणार आहे.

ऐकायला सुरुवात कुठून करावी असं कुणी कुणी विचारलं होतं. टॉपिक या रेकॉर्ड कंपनीने १९६५ साली फक्त टॉमीच्या गाण्यांची तबकडी काढली, लुई किलेन, जॉनी हँडल वगैरे त्याच प्रांतातल्या गायकांची. तीच आधी ऐका. माझ्या यादीत ओकीनंतर ‘द डरहम लॉकआउट’ आहे, १८९२चं, मजुरीकपातीसाठी मालकांनी खाणींना टाळं लावलं तेव्हाचं. त्यात बोली कमी आहे, म्हणून ते लवकर बसेल असं वाटतंय.