बर्न्टसाइडवरचा बर्फ

19 एप्रिल, इली, उत्तर मिनेसोटा, अमेरिका

आज सकाळी धक्क्यावर उभा राहिलो, तेव्हा तळ्याचा रंग बदलल्याचे या वर्षी प्रथमच स्पष्ट दिसले. गेल्या आठवड्यापर्यंत बर्न्टसाइड पांढरेशुभ्र होते. आता वरचे हिम जवळजवळ सगळे गेले असून खालचा बर्फ शिसपेन्सिलीच्या टोकासारखा करडा झाला आहे. हा रंग दिसू लागला की बर्फ जाऊन तळे मोकळे होण्याची माझी खरी प्रतीक्षा सुरू होते. तोवर दिवस कितीही उबदार असला तरी फारसे काही घडत नाही, कारण पांढरे हिम आपल्यावर पडणारा बहुतेक प्रकाश परतवून लावते. ते पांघरूण निघाले, की ऊन थेट बर्फात शिरते आणि त्याला आतून पोखरू लागते.

मार्चमध्ये मासेमारीसाठी पाडलेल्या एका भोकात काठी घालून जाडी मोजली होती. ती अडीच फूट भरली. एवढा बर्फ जायला किती उष्णता लागत असेल, याचा विचार केला की मन थक्क होते. शून्य अंशाच्या बर्फाचे शून्य अंशाचे पाणी करण्यात जेवढी उष्णता खर्ची पडते, तेवढ्यात तेच पाणी पुढे 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवता येईल. हे सारे काम एप्रिलचे ऊन मुकाट्याने करत असते, आणि काठावरून पाहणाऱ्याला दिवसेंदिवस काहीही बदललेले दिसत नाही.

23 एप्रिल

काठाच्या काळ्या खडकांनी ऊन शोषून घेतल्यामुळे किनारा आणि बर्फ यांच्यामध्ये आता हातभर रुंदीची पाण्याची पट्टी तयार झाली आहे. बर्फाचा पत्रा कुठेही जमिनीला चिकटलेला नाही; तो आता सुटा तरंगतो आहे.

दुपारी धक्क्याच्या टोकावरून लोखंडी पहार बर्फावर सोडली. महिन्यापूर्वी याच पहारेने दहा-बारा घाव घातल्यावर भोक पडत असे. आज ती स्वतःच्या वजनानेच आरपार गेली. बर्फ अजून फूटभर जाड होता, पण त्याचा एकसंधपणा संपला होता. बर्फाचे स्फटिक एकमेकांना जिथे जोडलेले असतात तिथे तो आधी वितळतो, आणि मग उभ्या, लांबट कांड्यांचा नुसता जुडगा शिल्लक राहतो. इकडची माणसे त्याला ‘कॅन्डल आइस’ म्हणतात, आणि हातात घेतल्यावर त्या कांड्या खरोखरच मेणबत्त्यांसारख्या दिसतात. एक जुडगा उचलून फळीवर ठेवला, तर तो क्षणात विखुरला. हिवाळ्याच्या सुरुवातीला चार इंच स्वच्छ, नवा बर्फ माणसाचे वजन पेलतो. आजचा हा फूटभर बर्फ कुणालाही पेलणार नाही. म्हणून जाडी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी महिना विचारतो.

रात्री साताऱ्याहून आईचा फोन आला. तिकडे उन्हाने अंगाची लाही होते आहे आणि ती रोज दुपारी अंगणात येऊन वळवाचे ढग दिसतात का ते पाहते. “गेला का रे तुझा बर्फ?” हा तिचा पहिला प्रश्न होता. मी “नाही” म्हणालो, आणि ती म्हणाली, “आमचाही पाऊस नाही.”

26 एप्रिल

रात्रभर हिम पडले. चार इंच. तळे पुन्हा पांढरे झाले आहे.

29 एप्रिल

शेजारच्या आजींकडे जाऊन आलो. होडी ठेवायच्या त्यांच्या नावघराच्या दाराच्या आतल्या बाजूला, तळ्यावरचा बर्फ ज्या दिवशी गेला त्या पन्नासहून अधिक वर्षांच्या तारखा पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत. आधी त्यांचे पती लिहीत, नंतर त्या स्वतः लिहू लागल्या. गेल्या शिशिरात गुडघ्याचे दुखणे वाढल्यापासून त्यांना काठापर्यंत उतरणे जमत नाही, म्हणून यंदा पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि ते मी जबाबदारी म्हणूनच घेतले आहे.

‘आइस-आउट’, म्हणजे तळ्यावरचा बर्फ गेला असे, नेमके कधी म्हणायचे, याबद्दल त्या फार काटेकोर आहेत. राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाकडे तारखा कळवणारे काही निरीक्षक तळे नव्वद टक्के मोकळे झाल्यावर नोंद करतात, तर काही जण एका काठाहून दुसऱ्या काठाला नावेने जाता येऊ लागले की करतात. आजींचा नियम त्यांच्या धक्क्यापासून समोरच्या तिसऱ्या बेटापर्यंतचा आहे. या तळ्यात शंभराहून अधिक बेटे आहेत, आणि त्यांच्या आडोशाला बर्फ दडून राहतो. त्यामुळे असा एक ठरलेला मार्ग धरून चालणे मला शहाणपणाचे वाटते. मोजण्याची पद्धत दरवर्षी तीच राहिली, तरच दोन वर्षांची तुलना करता येते.

दारावरच्या तारखा सरळ रेषेत चालत नाहीत. 2012 चा मार्च विलक्षण उबदार होता आणि त्या वर्षी तळी फार लवकर मोकळी झाली. लगेच 2013 मध्ये मेच्या मध्यावर मासेमारीचा हंगाम सुरू झाला, तरी उत्तरेकडची अनेक तळी गोठलेलीच होती. एका वर्षावरून काहीच सांगता येत नाही. उत्तर गोलार्धातल्या तळ्यांच्या आणि नद्यांच्या 1846 ते 1995 या काळातल्या नोंदी संशोधकांनी एकत्र तपासल्या, तेव्हा बर्फ फुटण्याची तारीख शंभर वर्षांत सरासरी साडेसहा दिवसांनी अलीकडे आल्याचे आढळले. त्या नोंदी ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांचा असा उपयोग होईल याची कल्पनाही नसेल. आजींच्या दाराकडे मी त्याच आदराने पाहतो.

3 मे

गेला.

सकाळी बर्फ जवळजवळ काळा दिसत होता. अकराच्या सुमारास नैर्ऋत्येकडून वारा सुटला आणि सगळा पत्रा अगदी सावकाश आमच्या काठापासून दूर सरकू लागला. प्रथम वाटले की आपणच हलतो आहोत. मग मधोमध एक भेग पडली, तिच्यात निळे पाणी उसळले आणि त्या पाण्यावर उठलेल्या लाटांनी उरलेला बर्फ कडेकडेने फोडायला सुरुवात केली. कासाराच्या दुकानात बांगड्यांचे घोस हलावेत तशी किणकिण सगळ्या तळ्यावरून येत होती. ती मी दोन तास ऐकत उभा होतो. बेटांच्या वाऱ्याकडच्या खडकांवर कांड्यांचे ढीग कंबरेएवढे चढले होते. चार वाजता नाव पाण्यात लोटली आणि तिसऱ्या बेटाला हात लावून परत आलो. वल्ह्याला एकदाच बर्फ लागला.

4 मे

पहाटे लून पक्ष्याची हाक ऐकू आली. या पक्ष्याला पाण्यावरून बराच लांब धावल्याशिवाय उडता येत नाही, त्यामुळे पुरेसे पाणी मोकळे होईपर्यंत तो तळ्यावर उतरत नाही. बर्फ गेल्यावर मात्र एक दिवसही दवडत नाही. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक त्याला ‘मांग’ म्हणतात. आता वरचे पाणी चार अंशांपर्यंत तापत जाईल, तसतसे जड होऊन खाली बसेल, आणि वारा सगळे तळे तळापर्यंत घुसळून काढेल. खोल पाण्यातल्या ट्राउट माशांना उन्हाळाभर पुरणारा प्राणवायू याच दिवसांत खाली पोहोचतो.

नाश्त्यानंतर आजींना हात देऊन नावघरापर्यंत नेले. त्यांनी पेन्सिल हातात घेतली, तारीख लिहिली आणि विचारले, “वारा कुठला होता?” मी सांगितले, आणि तारखेपुढे त्यांनी ‘नैर्ऋत्य, दुपारी चार’ एवढे स्वतःच्या भाषेत जोडले.