शिरोरेखा सरळ झाली (प्रोजेक्टर, नोंद ४)

मागच्या नोंदीत भिंतीवरची अक्षरं धूसर दिसतात म्हणून लेन्सला दोष दिला होता. तो मागे घेतो. लेन्स ठीक आहे, चूक लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये होती.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : गिरगावातली चाळ, दहा बाय बाराची खोली. प्रोजेक्टर १९२० बाय १०८० ठिपक्यांचा (पिक्सेलचा), भिंतीपासून सात फुटांवर, चित्र ८० इंची. लॅपटॉप मात्र १९२० बाय १२००चा, आणि पाणी मुरत होतं ते इथेच.

विंडोज आणि पी ही बटणं दाबून मी इतके दिवस ‘डुप्लिकेट’ (दोन्हीकडे तेच चित्र) वापरत होतो. लॅपटॉप आपल्या ठिपक्यांच्या १२०० ओळी पाठवायचा आणि प्रोजेक्टर त्या १०८०मध्ये बसवायचा, दोन्ही कडांना काळे पट्टे सोडून. म्हणजे दर दहा ओळींच्या नऊ. इंग्रजी मजकुरात हे पटकन लक्षात येत नाही. देवनागरीत येतं, कारण शिरोरेखा : एका ओळीची ठसठशीत, तिच्या खालचीची जाड आणि राखाडी, अनुस्वार तर कुठे आहे कुठे नाही. माझ्या मते चाचणीसाठी वेगळी चित्रं शोधायची गरजच नाही. बारीक टायपातलं मराठीचं एक पान भिंतीवर लावा आणि फक्त शिरोरेखा बघत जा.

आता ‘एक्स्टेंड’ (प्रोजेक्टर हा वेगळा दुसरा पडदा) ठेवलंय. डिस्प्ले सेटिंगमध्ये आधी दोन नंबरचा पडदा निवडायचा (हे विसरलं की बदल लॅपटॉपवरच होतो), मग १९२० बाय १०८०. ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये ‘अॅक्टिव्ह सिग्नल मोड’ ही ओळ वेगळी असते, तीही तपासा. डेस्कटॉपचा आकडा आणि केबलमधून जाणारा आकडा वेगळे असू शकतात.

तरीही रेषा पूर्ण साफ होईना. कारण निघालं कीस्टोन, म्हणजे प्रोजेक्टर तिरपा असला की वाकडं पडणारं चित्र चौकोनी करणारी सेटिंग. प्रोजेक्टरची फळी उंच असल्याने मी ते १२वर नेलं होतं. ही दुरुस्ती लेन्समध्ये होत नाही, चित्रच आकसून पुन्हा रचलं जातं, म्हणजे रिझोल्यूशन जुळवून मिळवलेलं तिथे परत जातं. शेजारचे काका पाणसळ घेऊन आले, दोघांनी मिळून फळी खाली घेतली, कीस्टोन शून्यावर आणलं. त्या रात्री पहिल्यांदा ‘र्‍या’मधला अर्धा र पलंगावरून वाचता आला. फार बरं वाटलं.

काळा रंग राखाडी दिसत होता, तो ग्राफिक्सच्या सेटिंगमधून सुटला. लॅपटॉप काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची १६ ते २३५ अशी मर्यादित रेंज पाठवत होता आणि प्रोजेक्टर ० ते २५५ धरून बसला होता. दोन्हीकडे फुल केलं. उलटी चूक झाली, तर अंधारातले तपशील काळ्यात बुडतात, तेही बघून ठेवा.

रिफ्रेश रेटचं (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, हर्ट्झमध्ये) काम अर्धंच झालंय. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ६० हर्ट्झवर एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा दिसतं आणि कॅमेरा आडवा फिरला की हिसके जाणवतात. २४ हर्ट्झवर ते गेले, पण माउस जड चालतो, म्हणून फक्त सिनेमापुरतं ठेवतो. माझ्याकडच्या जुन्या नाटकांच्या रेकॉर्डिंग पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रांच्या आहेत. त्यांना ५० हर्ट्झ हवं. रविवारी लॅमिंग्टन रोडवरून लांब एचडीएमआय केबल आणणार आहे, मग तिच्यावरच ५० लावून बघतो.