वॉशिंग्टनची कवळी

फेब्रुवारीतला तिसरा सोमवार म्हणजे अमेरिकेत 'प्रेसिडेंट्स डे'. सरकारी कागदावर मात्र ती अजून जॉर्ज वॉशिंग्टनची जयंतीच आहे. तो जन्मला २२ फेब्रुवारी १७३२ ला. पुढे १९७१ पासून ही सुट्टी सोमवारी नेली, लोकांना शनिवार-रविवारला जोडून मिळावी म्हणून. आता तिसरा सोमवार काही २१ तारखेच्या पुढे जात नाही. म्हणजे बिचाऱ्याची जयंती त्याच्या वाढदिवशी कधी येणारच नाही! आपल्याकडे त्याच सुमाराला शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद रंगतो. इथे वाद नाही. वार ठरलेला, आणि त्या वारी गाद्यांचे सेल.

मुलाला गादी घ्यायची नव्हती. म्हणून आम्ही व्हर्जिनियाहून मेट्रोने नातीला घेऊन वॉशिंग्टन शहरातल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेलो. तिकीट नाही, ही पहिली आवडलेली गोष्ट. इमारत जुन्या पेटंट ऑफिसची. यादवी युद्धात इथे जखमी सैनिकांच्या खाटा होत्या, आणि १८६५ च्या मार्चमध्ये लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीचा नाचही इथेच झाला.

राष्ट्राध्यक्षांच्या दालनात गिल्बर्ट स्टुअर्टने १७९६ मध्ये काढलेला वॉशिंग्टन आहे. आठ फूट उंच, काळा पोशाख, कमरेला तलवार, एक हात पुढे केलेला. मागे चक्क इंद्रधनुष्य. लोक इंद्रधनुष्य बघत होते, मी तोंड बघत राहिले. ओठ घट्ट मिटलेले, आणि त्यांच्याभोवती काहीतरी आतून ढकलल्यासारखं फुगलेलं. मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझी स्वतःची कवळी पाच वर्षांची आहे.

राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्याचा स्वतःचा एकच दात उरला होता. लाकडी दातांची गोष्ट खोटी. त्याच्या कवळ्या हस्तिदंताच्या, पाणघोड्याच्या दातांच्या, माणसांच्या दातांच्या होत्या, वर स्प्रिंगा. तोंड उघडं ठेवायला नव्हे, मिटलेलं ठेवायला जोर लागायचा. स्टुअर्टसमोर बसला तेव्हा कवळी नवी होती. नवी कवळी म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. देशाचा पहिला अध्यक्ष असा हात पुढे करून उभा, आणि मनात बहुधा एकच विचार: घरी जाऊन ही कधी काढतोय!

बाकीचे भराभर पाहिले. केनेडीचं चित्र हिरव्या फटकाऱ्यांचं, जवळून पाहिलं तर माणूसच हरवतो. ओबामा पानाफुलांत बसलेले. त्यात शिकागोची शेवंती, हवाईची जाई, केनियाची निळी फुलं. तिथे मोबाईल पुढे धरून रांग. मला जास्त आवडला तो लिंडन जॉन्सनचा किस्सा. पीटर हर्डने काढलेलं आपलं चित्र बघून हे गृहस्थ म्हणाले, इतकी कुरूप वस्तू मी आयुष्यात पाहिली नाही. चित्र व्हाइट हाउसमध्ये लागलं नाही. हर्डने ते या संग्रहालयाला देऊन टाकलं. आपल्याकडे शाळा-कचेऱ्यांत भिंतीवर चढलेला प्रत्येक थोर पुरुष एकाच साच्यातला, गालावर गुलाबी रंग आणि वर हार. तिथे कोणाच्या तक्रारीला वावच नाही.

काचेच्या छताखालच्या अंगणात मुलांसाठी टेबलं मांडून कागद आणि रंगीत पेन्सिली ठेवल्या होत्या. कोणाचंही चित्र काढा. नातीने मला समोर बसवलं.

"आजी, हलू नकोस."

चष्मा बरा जमला होता. अंबाडा डोक्याएवढा. आणि तोंडाच्या जागी एक सरळ, जाड, तपकिरी रेघ.

"अगं, हसणारी काढायची ना मला!"

"तू फोटोत अशीच करतेस," ती म्हणाली, आणि रेघ आणखी गिरवली.

चित्र मुलाने फ्रिजवर चिकटवलं, तेही लोहचुंबकाचे चार तुकडे लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढताना मी ते थोडंसं सरकवलं. किराणाच्या यादीखाली.